मागच्या सीटला ऐकू येईल एवढं

सस्पेन्शनचं, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या भागांचं, काम करून घेतल्यावर गाडी जास्त आवाज करायला लागली, असं मी ज्याला ज्याला सांगितलं त्यानं आधी मिस्त्रीला शिव्या घातल्या. कोल्हापुरात हे सोपं आहे. इथं प्रत्येकाच्या नात्यात कुणीतरी लेथवर उभा राहिलेला असतो, उद्यमनगरात एखादा चुलता नाहीतर मेव्हणा असतो, आणि दुसऱ्याच्या मिस्त्रीनं काय चुकवलं हे गाडी न बघता सांगायची हातोटी सगळ्यांकडं असते. "बुश लोकल टाकले असतील." "माउंटिंग नीट बसलं नसणार." "आमच्याकडं आणायची नाही का आधी?" प्रत्यक्षात मिस्त्रीनं काहीच चुकवलं नव्हतं. काम चोख झालं होतं, आणि चोख झालं म्हणूनच दुसरा आवाज वर आला होता.

गाडी दहा-अकरा वर्षांची साधी हॅचबॅक. पुढचं चाक धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, चिरलेले, लिंक रॉड सैल, स्ट्रटच्या डोक्यावरचं माउंटिंग दबलेलं आणि मागचे शॉकअप तेल गाळून कोरडे पडलेले. खड्ड्यात चाक गेलं की धाड, स्पीडब्रेकरवरून उतरताना खट-खट, आणि वळणावर कुठूनतरी बारीक कण्हणं. मला त्याची सवय झाली होती. पण मागं बसणाऱ्या आईच्या कमरेला सवय होणं शक्य नव्हतं, म्हणून काम काढलं.

मिस्त्रीचं एक काम मला फार आवडलं. नवे बुश बसवल्यावर आर्मचे बोल्ट त्यानं गाडी उचललेली असताना नुसते हाताला लागतील एवढेच फिरवले. मग गाडी खाली चाकांवर उतरवली, दोन-चारदा दाबून उसळवली, आणि तशी तिच्या स्वतःच्या वजनावर उभी असताना गॅरेजच्या खड्ड्यात उतरून पक्का पाना मारला. चाकं लोंबकळत असताना बुश आवळला तर तो त्या स्थितीत धरला जातो. गाडी खाली आली की त्यातलं रबर पीळ पडूनच राहतं आणि दर खड्ड्याला आणखी पिळतं. असा नवा बुश थोड्याच महिन्यांत चिरतो आणि लोक कंपनीला नावं ठेवतात. मिस्त्री हे सगळं बोलून दाखवत नाही. विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "ताई, रबराला झोपायची जागा बघून बांधायचं असतंय."

काम झाल्यावर अलाइनमेंट करून आम्ही गारगोटीला निघालो. ते आईचं माहेर. इस्पुर्लीपर्यंत मी नुसती खूश होते. गाडी खड्ड्यात शिरून गुपचूप बाहेर येत होती. मुधाळ तिट्ट्याच्या अलीकडं चांगला रस्ता लागला, काटा सत्तरच्या पुढं गेला आणि तेव्हा लक्षात आलं की गाडीच्या मागच्या भागातून एक सलग घूं येतोय. जाड, खालच्या पट्टीतला, न थांबणारा. हा आवाज आधीही असणारच. पण दर अर्ध्या मिनिटाला धाड-खट चालू असताना त्याच्याकडं लक्ष कोण देतं? शिवाय तो आता थोडा वाढलाही होता, त्याचं कारण पुढं कळलं.

मी पुढून आईला विचारलं, "शेंगा घ्यायच्या का गं वाटेत?"

मागून उत्तर आलं, "कुठली गंगा? गंगामावशी जाऊन किती वर्षं झाली."

इथं आईच्या कानांबद्दल सांगायला हवं. लग्न होऊन ती इचलकरंजीत गेली. खाली माग, वर घर. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग आणला, आणि आई सासरी गेली तोपर्यंत त्या गावात रात्रीसुद्धा शांतता हा प्रकार उरला नव्हता. ती स्वतः कांड्या भरायची, दार उघडून खाली चहा द्यायची, मागांच्या मधून ये-जा करायची. अशा खटखटाटात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाचा कान एका ठरावीक जागी आधी झिजतो, साधारण चार हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या थरथरींच्या बारीक आवाजाच्या, आसपास. पुढं वय वरच्या पट्ट्या आणखी उतरवत जातं. म्हणजे माणूस बहिरा होत नाही. त्याला आवाज येतो, बोलणं कळत नाही. स्वरांची ताकद खालच्या पट्टीत असते, ते पोचतात. स, श, फ, थ यांची सगळी ओळख वरच्या पट्टीत, ती गळून पडते. शेंगातला श गेला की मागं जे उरतं त्यातून आई आपली आपण शब्द तयार करते, आणि तिच्या वयाला गंगामावशी जवळची.

घरात ती बरंच सांभाळून घेते. माग चालू असताना तिथली माणसं ओठ बघून आणि हात हलवून बोलतात, ती विद्या तिच्याकडं अजून शाबूत आहे. समोर बसा, तोंड तिच्याकडं ठेवा, निम्मं काम ओठ करतात. पण गाडीत मागच्या सीटवरून तिला माझा फक्त अंबाडा दिसतो. शिवाय चालवणारा माणूस काचेकडं तोंड करून बोलतो, म्हणजे आधीच आवाज पुढं जाणार आणि मग फिरून मागं येणार. "पुढं बस" म्हणून सांगून झालं. ती बुटकी आहे, बेल्ट गळ्याला घासतो, आणि उसाचा डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर समोरून आला की ती दोन्ही पाय ब्रेक मारल्यासारखे रोवून बसते. "मी मागंच बरा हाय," हा तिचा निकाल.

तिला कानाचं मशीन आहे. गाडीत बसली की काढून पर्समध्ये ठेवते. मला वाटायचं हट्ट. पण ज्यांनी मशीन बसवून दिलं त्यांनी नीट समजावलं. खालच्या पट्टीतला जाड आवाज वरच्या पट्टीतल्या नाजूक आवाजाला झाकून टाकतो, आणि हे उलट दिशेनं फारसं होत नाही. शिट्टी ढोलाला झाकत नाही, ढोल मात्र शिट्टीला गिळतो. गाडीतला घूं हा ढोल आहे. मशीन बोलणं मोठं करतं, त्याबरोबर घूंही थोडा वाढतो, आणि मोठा झालेला घूं मोठ्या झालेल्या श ला पुन्हा गिळतो. आई मशीन काढून ठेवते यात मला मग तक्रारीची जागा राहिली नाही.

तर मला गाडी शांत करायची होती ती गाणी ऐकण्यासाठी नव्हे. लोक साधारणपणे दारांत पत्र्याची थरथर मारणारं शीट लावून घेतात ती स्पीकर चांगला वाजावा म्हणून. माझी मागणी लहान होती: साठ-सत्तरच्या वेगाला, पुढून साध्या आवाजात बोललेलं, मागच्या सीटला कळावं. साधं बोलणं साधारण साठ डेसिबलचं असतं, आणि माझ्यासारख्या जुन्या लहान गाडीत त्या वेगाला आतला गलका सत्तरच्या आसपास जातो. बोलणं गलक्याच्या खाली बुडालेलं. गलका खाली आणणं किंवा ओरडणं, हे दोनच मार्ग. ओरडून बोललेल्या वाक्याला माया राहत नाही.

मिस्त्रीकडं परत गेले. त्यानं आधी शीट, फेल्ट यातलं काही काढलंच नाही. मागच्या टायरवर माझा हात ठेवला आणि म्हणाला, "फिरवा. उलटा बी फिरवा." एका बाजूनं हात गुळगुळीत गेला, दुसऱ्या बाजूनं करवतीच्या दात्यांवरून गेल्यासारखा लागला. शॉकअप मेलेले असताना चाक रस्त्याला सलग धरून राहत नाही, टप्पे खात पळतं, आणि टायर जागोजागी खाल्ला जातो. शॉकअप बदलले तरी खाल्लेला टायर भरून येत नाही, तो त्याच गतीनं घूं करत राहतो. टायर पुढचे मागं, मागचे पुढं करून बघितले. आवाज पुढं सरकला. म्हणजे निम्मा चोर सापडला. मग हब बेअरिंग, ज्यावर चाक फिरतं ते. ते बघायची रीत त्यानं सांगितली ती कुणीही करून बघावी: रिकाम्या रुंद रस्त्यावर सरळ जाताना गाडी हळूच डावीकडं, मग उजवीकडं झुकवायची. एका बाजूला वजन पडल्यावर घूं वाढला आणि दुसरीकडं कमी झाला तर बेअरिंग. रस्ता बदलला, डांबरावरून काँक्रीटवर गेलात आणि सूर बदलला तर टायर. आमचं बेअरिंग ठीक निघालं.

हे आधी बघायचं असतं, आणि मला यात जरा आग्रह आहे. शीट लावणाऱ्या दुकानात गेलात तर तिथं कुणी टायरवर हात फिरवत नाही. तिथं कॅटलॉग उघडतात. बेअरिंग ओरडत असताना त्यावर अस्तर चढवणं म्हणजे आजार लपवणं, आणि चाकाच्या बाबतीत ते धोक्याचं आहे. टायर बदलायला झालेच होते, दोन घेतले. घूं उतरला, पण गेला नाही.

तेव्हा मिस्त्रीनं कोपऱ्यातलं एक पोतं ओढून आणलं. आमच्या गाडीत मागच्या शॉकअपचा वरचा नट डिकीच्या आतून, बाजूचं प्लॅस्टिक ट्रिम काढून उघडावा लागतो. त्या ट्रिमच्या मागं, चाकाच्या कमानीवर, कंपनीनं बसवलेलं फेल्ट असतं. ते काढताना हातात तुकडे आले. काळं, जड, ओलं, कुबट. त्यानं ते परत कोंबलं नाही, आणि ट्रिम नुसतं बंद केलं. मला बिल देताना सांगितलंही होतं, "आतलं सडलंय, नवीन घाला." तेव्हा माझ्या कानात फक्त धाड-खट गेल्याचा आनंद होता. काम झाल्यावर गाडी थोडी जास्त का वाजत होती ते आता उघड झालं. सडका का होईना, त्या कमानीवर काहीतरी होतं, आता उघडा पत्रा होता. आणि बरोबर त्याच पत्र्याच्या पलीकडं चाक.

ओल कुठली, हे शाहूपुरीत राहणाऱ्या माणसाला विचारायची गरज नाही. २०१९चा ऑगस्ट आणि २०२१चा जुलै, दोन्ही महापुराचे. पावसाळ्यात आम्ही घड्याळापेक्षा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी जास्त वेळा बघतो. ३९ फुटांना इशारा, ४३ला धोका, आणि त्याच्या पुढं जयंती नाला उलटा फुगून व्हीनस कॉर्नरकडं यायला लागतो. २०२१ला गाडीच्या उंबऱ्यावरून पाणी आत आलं होतं. फार नाही, पाय बुडतील एवढं. नंतर सीट काढल्या, कार्पेट वर आणलं, पंख्याखाली वाळवलं, त्या दिवसांत ऊन कुठलं. वरून सगळं कोरडं झालं. फेल्ट मात्र खालच्या टोकाला लागलेलं पाणी वर ओढून घेतं आणि प्लॅस्टिकच्या मागं त्याला वारा मिळत नाही. भरीला कमानीतलं एक रबरी बूच सैल होतं, त्यातून दर पावसाळ्यात नवं पाणी. पुरातून गेलेल्या गाड्या कोल्हापूर-सांगलीकडं पुष्कळ आहेत. जुनी गाडी घेताना लोक इंजिन बघतात, वायरिंग बघतात. डिकीतलं ट्रिम उचकटून फेल्टला नाक लावणारा मी तरी पाहिलेला नाही.

ओलं फेल्ट निकामी का होतं हेही समजून घेण्यासारखं आहे. फेल्टच्या धाग्यांमध्ये हवा असते. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती धाग्यांच्या जंजाळात शिरते, घासते, तिची ताकद अगदी किंचित उष्णतेत जाते आणि ती थकते. धाग्यांमधल्या जागेत पाणी भरलं की हवेला शिरायला वाटच नाही. वर तेच पाणी पत्र्याला चिकटून राहतं. आमच्या कमानीच्या सांध्यावर गंजाची एक लांब तपकिरी रेघ तयार झाली होती. आधी तिचं काम: तारेच्या ब्रशनं घासणं, रेड ऑक्साईड, सांध्याला सीलर, वर रंग, आणि ते बूच नवं. यात जास्त काही सांगण्यासारखं नाही, फक्त यावर वेळ गेला.

पोत्यातला एक तुकडा मी घरी आणला होता. गॅलरीत वाळत ठेवला. आई तो घेऊन बसली आणि नखानं उसवायला लागली. गाडीचं फेल्ट पुष्कळदा जुन्या कापडाच्या चिंध्या पिंजून केलेलं असतं. वरून राखाडी, पण सुटं केलं की आत लाल, निळे, हिरवे धागे, मधेच जरीसारखा एक चमकणारा. आईनं धागे वेगळे करून मांडीवर लावले. हा सुती, हा पॉलिस्टर, हा होजिअरीचा, बनियनचा असंल. एक धागा दिव्यासमोर धरून म्हणाली, "ह्यो चांगल्या लुगड्याचा हाय. कुणाचं का असंना." मग माझ्याकडं बघून, "ह्ये गाडीत कशाला घालत्यात?" मी सांगितलं, आवाज कमी व्हायला. ती हसली. ज्या मागांनी तिचा कान खाल्ला त्यांच्यावरच असलं सूत विणलं जायचं. हे मी मनात म्हटलं. ती काही बोलली नाही, धागे गोळा करून केराच्या डब्यात टाकले.

मग दुकानं. ॲक्सेसरीवाल्याकडं गेलं की पहिला शब्द 'फुल कार'. छत, दारं, फ्लोअर, डिकी, बॉनेट, सगळीकडं चकचकीत चंदेरी शीट. फोटो फार देखणे असतात. यातली बहुतेक शीटं ब्युटाईल रबराची, वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. त्यांचं काम थरथर मारण्याचं. मडकं घेताना आपण टिचकी मारतो तशी उघड्या पत्र्यावर मारली तर टण्ण वाजतं आणि वाजत राहतं. शीट दाबून बसवल्यावर तिथंच ठप्प. रबर पत्रा आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये अडकतं, पत्रा हलायला गेला की रबर ताणलं जातं आणि थरथर त्यात जिरते. पण यासाठी पत्रा पूर्ण झाकायची गरज नसते. मोठ्या सपाट भागाच्या मधोमध, पाव हिस्सा झाकला तरी बराचसा फायदा हातात येतो. पुढच्या प्रत्येक शीटचा फायदा कमी आणि पैसे तेवढेच. वजनही आहे. दोन मिलिमीटरचं ब्युटाईल एका चौरस मीटरला तीन किलोच्या पुढं जातं. सगळी गाडी मढवली तर एक शाळकरी पोरगं कायमचं मागं बसवल्यागत, आणि नुकतंच बदललेलं सस्पेन्शन ते वाहणार. स्वस्तातली डांबरी शीटंही मिळतात. कंपन्या कारखान्यात फ्लोअरवर तशाच जातीचे तुकडे वितळवून बसवतात आणि ते टिकतातही. पण नंतर हातानं दारात चिकटवलेलं डांबर एप्रिल-मेच्या उन्हात वास मारतं आणि खाली घसरतं. तो नाद नको.

आणखी एक, जे दुकानात कुणी सांगत नाही: शीट थरथर मारतं, आवाज अडवत नाही. अडवायला वजन आणि सलगपणा लागतो. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर आवाज सुमारे सहा डेसिबलनं कमी होतो, आणि तेसुद्धा वरच्या पट्ट्यांत जास्त, खालच्यात कमी. गणपतीच्या मिरवणुकीत याचा अनुभव अख्ख्या शहराला येतो. खिडक्या लावल्या की गाण्याचे शब्द बाहेर राहतात आणि डॉल्बीचा ठोका भिंतीतून थेट छातीत येतो. कागदावर निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ आहे, २००० सालच्या नियमांपासून. त्या रात्री आई मात्र शांत झोपते, याचा मला दरवर्षी हेवा वाटतो. असो. सलगपणाचं महत्त्व तर वजनापेक्षाही जास्त. शंभर भागांत एक भाग जागा जरी उघडी राहिली तरी बाकीची भिंत कितीही जाड करा, वीस डेसिबलच्या पुढं ती अडवू शकत नाही. म्हणजे ते दहा-वीस रुपयांचं रबरी बूच एखाद्या महागड्या शीटपेक्षा जास्त कामाचं.

मी शेवटी 'फुल कार'वाल्याला नमस्कार केला आणि आमच्या ओळखीच्या कुशनवाल्याकडं गेले. तो सीट कव्हर शिवतो, छताचं लोंबलेलं कापड बसवतो, ट्रिमच्या क्लिपा न मोडता काढायचा हात त्याच्याकडं आहे. ठरवलं असं: फक्त मागची अर्धी गाडी. चाकांच्या दोन्ही कमानी, स्टेपनीचा खड्डा, मागच्या सीटखालचा पत्रा, आणि मागची दोन दारं. पुढं काही नाही. डॅशबोर्ड उतरवून इंजिनच्या भिंतीला हात घालणं हे दहा वर्षांच्या गाडीत मला पटत नाही. जुनी प्लॅस्टिकं एकदा काढली की परत बसताना कुरकुरतात, आणि एक घूं घालवून दहा किर्र विकत घ्यायचे. शिवाय इंजिन मला ऐकू यायला हवं. गगनबावड्याच्या घाटात गिअर कधी उतरवायचा हे मी काट्याकडं बघून ठरवत नाही.

कुशनवाल्याला मी दोन-तीन गोष्टींची कटकट केली, ती त्यानं सहन केली. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर हात लावायचा नाही, ते एअरबॅगचे आणि बेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचे असतात, गाडीची चावी चालू असताना तर नाहीच. दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती शीटनं बुजवायची नाहीत, नाहीतर काचेवरून उतरलेला पाऊस दारातच साठेल. आणि पत्रा थिनरनं पुसून कोरडा केल्याशिवाय एकही तुकडा नाही. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच लावताय का?" मग मी गप्प बसले आणि लाकडी रोलर हातात घेतला. शीट चिकटवणं सोपं, दाबणं कष्टाचं. खाली हवेचा फुगा राहिला तर तेवढी जागा वाया. ॲल्युमिनियमवरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर फिरवायचा. कमानीची गोलाई अवघड, तिथं लहान तुकडे. ॲल्युमिनियमची कड बोटं कापते, हे कुठल्या फोटोत दिसत नाही.

शीटवर फेल्ट. इथं मी थोडी अडले. चिंध्यांचं फेल्ट आवाज चांगलं खातं, पण पुन्हा पाणी आलं तर पुन्हा तेच. बंद पेशींचा फोम पाणी पीत नाही, पण आवाजही फारसा खात नाही, कारण हवेला आत वाट नाही. दोन्ही गुण एका मालात मागणं म्हणजे जरा जास्तच. शेवटी स्टेपनीच्या खड्ड्यात आणि सीटखाली, जिथं पाणी पोचू शकतं, तिथं फोम, आणि कमानींच्या वरच्या भागात फेल्ट, चिकटवून न टाकता क्लिपांवर, म्हणजे पुढच्या पुरानंतर पाच मिनिटांत काढून वाळत घालता येईल. पुढच्या पुराचा हिशोब धरूनच इथं गाडी दुरुस्त करावी लागते. बाहेरच्या बाजूनं कमानीचं प्लॅस्टिक लाइनर मोडकं होतं तेही बदललं. चाकानं उडवलेली खडी आधी त्यावर आदळते. हे बदललं नसतं तर आतलं निम्मं काम फुकट होतं असं माझं मत.

काम झाल्यावर भाच्यानं मोबाईलवर डेसिबल मोजायचं ॲप चालू केलं आणि तोंड वाकडं केलं. "मावशी, दोन-तीनच कमी झालेत. एवढ्यासाठी?" त्याला वाटलं पैसे बुडाले. पण ती ॲप बहुधा माणसाच्या कानाच्या अंदाजानं मोजतात, खालच्या पट्ट्यांना फार कमी धरून. शंभर हर्ट्झचा आवाज त्या हिशोबात जवळजवळ एकोणीस डेसिबलनं कमी मोजला जातो. ज्या ढोलानं आईचं ऐकणं गिळलं होतं तो त्या आकड्यात दिसतच नाही. भाच्याला मी सांगितलं, आकडा ठेव बाजूला, मागं बस आणि आजीशी बोल. तो बसला, बोलला, आणि आजीनं त्याला बारावीच्या मार्कांबद्दल विचारलं. ते प्रकरण गारगोटीत पोचलेलं नाही असं त्याला वाटत होतं.

पुढच्या वेळी पुढं मी आणि माझा भाऊ, मागं आई, कानात मशीन. तिनं ते काढलं नाही, हे मी आरशात दोनदा बघितलं. इस्पुर्ली गेलं. भाऊ हळू आवाजात तिच्या मोतीबिंदूचा विषय काढत होता. आमची गाडीतली सवयच तशी झालेली, तिच्याबद्दल तिच्यासमोर, तिला कळणार नाही या भरवशावर बोलायचं. डॉक्टरांचा खर्च किती, कुणाकडं राहील, दिवाळीनंतर करू, तोवर तिला सांगायचंच नाही, उगीच घाबरेल.

मागून आवाज आला, "दिवाळीनंतर कशाला? आदी करा. आनि मी कुनाकडं ऱ्हायचं ते मला इचारा."

भावानं माझ्याकडं बघितलं. मी रस्त्याकडं. समोर उसाची ट्रॉली होती, गाणी लावलेली. ती ओलांडेपर्यंत कुणी बोललं नाही, मग आईनंच सुरू केलं, आणि गारगोटी येईपर्यंत डॉक्टर, तारीख, डबा कोण आणणार हे सगळं तिनं ठरवून टाकलं. भावाची एक सूचना मान्य झाली, माझी एकही नाही.

परतीच्या वाटेवर ऐंशीला एक बारीक शिट्टी ऐकू आली, उजव्या मागच्या दारातून. बीडिंगचं, म्हणजे दाराच्या कडेचं, रबर वरच्या कोपऱ्यात दबलंय, वारा शिरतो. घूं होता तोवर ती कळत नसावी. आईला विचारलं तर ती म्हणाली, "कसली शिट्टी?" मिस्त्रीनं बीडिंग मागवलंय, मूळ कंपनीचंच घ्या म्हणाला, बाजारातलं जाड येतं आणि मग दार आपटून लावावं लागतं.